उंबऱ्यापर्यंत न सोडायचे गाठोडे

मॉरिशसहून परत आल्यापासून जो भेटतो तो समुद्राविषयी विचारतो. समुद्र आहे, चांगला निळा आहे, आणि मी त्यात एकदाच पाय बुडवले. बाकीचे दहा महिने मी उसात होतो. आमच्या सांगलीकडच्या कारखान्याने मला साखर-रसायनाच्या अभ्यासक्रमासाठी तिकडे पाठवले ते १९७८ साली. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप. वर्गात बसलो की नव्या माणसाला मीच मास्तर वाटत असे. बेटाचे वर्णन करणारी पुस्तके मिळतात, त्यामुळे ते काम मी करत नाही. निरोपाचे शेवटचे काही दिवस तेवढे लिहितो, कारण त्या दिवसांत मला जी काळजी लागली तशी परीक्षेचीही लागली नव्हती.

रोझ हिल

आमची जोडी तिघांची होती. मी, शांताराम देवाजी आणि सोलो.

शांताराम तिथलाच. त्याचा पणजा रत्नागिरीकडून ऊस तोडायला म्हणून बोटीत बसला आणि तिथलाच झाला. शांताराम सरकारी शेतीखात्यात नोकरीला, वय पस्तिशीच्या आत. त्याची मराठी चार पिढ्या जुनी. वाक्य मराठीत सुरू होई आणि अर्ध्यावर तिथल्या क्रेओल बोलीत उडी मारी. मला तो मानेभाऊ म्हणे.

सोलो मादागास्करचा. त्याचे पूर्ण आडनाव एका ओळीत मावत नसे, म्हणून सगळे सोलोच म्हणत. तो माझ्याच वयाचा, तामाताव बंदरावर रोपे आणि बियाणे तपासणारा निरीक्षक. रोझ हिलला आम्ही दोघे एका घराच्या दोन खोल्यांत राहत होतो. स्वयंपाक त्याचा, भांडी माझी. तो तिन्ही वेळा भात खाई. भात उपसला की पातेल्याच्या तळाला लागलेल्या खरवडीत पाणी ओतून ते उकळी आणि चहासारखे पिई. आमच्याकडे भात खाली लागला तर घरात बोलणी बसतात; हा मुद्दाम लावी. पहिल्या आठवड्यात मला ते पाणी घशाखाली उतरेना. नोव्हेंबरपर्यंत मला त्याशिवाय जेवल्यासारखे वाटेना.

कामात मात्र तो फार कडक. नुव्हेल फ्रांसच्या बाजूला शेते पाहायला गेलो की प्रत्येक शेताच्या कडेला तो फिनेलच्या पाण्याची बादली ठेवी आणि कोयत्यांबरोबर आमची पायताणेही त्यात बुडवायला लावी. माझ्या कोल्हापुरी वहाणा त्यात एकदा बुडाल्या त्या पुन्हा वहाणा झाल्या नाहीत. शांताराम त्याला 'मिस्ये लादवान' म्हणे, म्हणजे कस्टमसाहेब.

त्याच्या कडकपणाला कारण होते. ऊस बियांनी लावत नाहीत, कांडीने लावतात. प्रत्येक पेरावर एक डोळा असतो, तो फुटतो आणि नवा ऊस येतो. त्या डोळ्याबरोबर रोगही जातो, आणि तो वरून दिसत नाही. सोलोच्या वडिलांच्या गावी कुणीतरी हौसेने बाहेरदेशच्या चार कांड्या आणल्या, आणि पुढे गावचा सगळा ऊस उपटून जाळावा लागला. सोलो तेव्हा शाळेत होता. "वास अजून नाकात आहे, माने," तो म्हणायचा. आता हा अभ्यासक्रम संपवून परत गेला की त्याला बंदरावरच्या तपासणीचा मुख्य करणार होते. आधीचा मुख्य घरी बसला होता. त्याने ओळखीच्या एकाची पेटी न उघडता सोडली होती.

परीक्षा संपली. सोलोचे विमान रविवारचे होते, माझे पंधरवड्याने. त्या आठवड्यात आम्ही दोघे निरोपाचा विषय टाळत राहिलो. त्याने गळका नळ दुरुस्त केला. मी त्याच्या पेटीचे वजन दोनदा केले, कारण विमानात वीस किलोच नेऊ देत. चाळिशी उलटल्यावर नवा मित्र मिळतो हे मला माहीत नव्हते, आणि तो विमानात बसून गेला की बहुधा पुन्हा दिसणार नाही हे मात्र चांगले माहीत होते. त्याच्या देशातून साधे कार्ड यायला दोन-दोन महिने लागत.

बों अक्योय

शनिवारी शांताराम आम्हाला त्याच्या गावी, बों अक्योयला, घेऊन गेला. त्याच्या आईने सोलोला जेवायला बोलावले होते. शांतारामची जुनी मॉरिस मायनर चढावर तापली. दोनदा उतरून पाणी घातले, तेव्हा पोचलो.

घर पत्र्याचे, पुढे तुळस, आणि मागच्या भिंतीला टेकून ऊस. गावचा हंगाम संपत आला होता. आजूबाजूची शेते तोडून मोकळी झाली होती, हे एक बेट तेवढे राखलेले. सत्तरीची बाई दारात उभी होती. तिला सगळे आये म्हणत, आम्हीही म्हणू लागलो.

"की मान्येर, बाबा?" तिने सोलोला क्रेओलमध्ये खुशाली विचारली आणि माझ्याकडे वळली. "तू बोल रं. तू बोललास की रेडिओ लावल्यावानी वाटतं. कळत नाय काय, पन बरं वाटतं."

"आये, कळत नसेल तर हळू बोलतो."

"हळू बोललास तरी रेडिओच. आवाज बारीक केलेला."

शांताराम हसू लागला. "मानेभाऊ, मला दहा महिने हेच सांगायचं होतं. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोललो नाय."

पानात दालपुरी, भोपळ्याची भाजी, ब्रेद म्हणजे पालेभाजी, आंब्याचे लोणचे आणि पाकातल्या शेवया होत्या. दालपुरीला हरभऱ्याच्या जागी पिवळ्या वाटाण्याची डाळ. पोळीसारखीच पुरण भरून लाटलेली, पण तिखटमिठाची. सोलोने पाच खाल्ल्या. आये म्हणत राहिली, "मांझे, मांझे," म्हणजे खा, खा. त्याचे पान रिकामे झालेले तिला बघवत नव्हते.

जेवल्यावर निरोपाच्या रीतींचा विषय निघाला. मी सांगितले, आमच्याकडे निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात. सोलो म्हणाला, त्यांच्याकडे घरातले वडील माणूस हाताने पाणी शिंपडते. मग तो आयेपुढे गुडघ्यावर बसला आणि डोके वाकवले. ती गडबडली. "आयो, माझ्यापुढं काय रं बसतोस!" पण तिने तांब्यातले पाणी घेतले आणि त्याच्या डोक्यावर शिंपडले. शांताराम एकदम बाहेर गाडी बघायला गेला.

"आता आमचं," ती म्हणाली.

हात धुवायला मी मागच्या दारी गेलो तेव्हा ती राखलेल्या बेटातला एक ऊस तोडत होती. वीतभर कांडी काढली. आत येऊन तिने एका लाल फडक्यात सोललेला नारळ आणि मूठभर तांदूळ घालून गाठ मारली. ते फडके, एक हळकुंड आणि ती कांडी एका मोठ्या रुमालात ठेवून वरून दुसरी गाठ मारली. सोलो तेव्हा पुढे शेजाऱ्यांशी बोलत होता. त्याला फक्त बांधलेले गाठोडे दिसले.

"आमचा आजा बोटीतनं उतरला तवा त्याच्यापाशी असंच होतं," आये मला म्हणाली. "ह्या घरातनं जो समिंदरापार जातो त्याला घरचं द्यायाचं. तांदूळ, नारळ, हळद, ऊस. आनि सोडायाचं कवा? आपल्या घराच्या उंबऱ्यात. मधी सोडायाचं नाय."

"मध्ये सोडलं तर?"

तिने गाठ पुन्हा आवळली. "मधी सोडलं तं मानूस मधीच ऱ्हातो. माझा धाकटा लंडनला गेला नर्शिंगला. तिथल्या इमानतळावर त्याचं गाठोडं त्यांनी सोडलं. अकरा वरसं झाली. तिथं त्याचं घर नाय, इथं येत नाय."

मग पुढे जाऊन तिने दोन्ही हातांनी ते गाठोडे सोलोला दिले आणि शांतारामने त्याला क्रेओलमध्ये समजावले : घरी पोचल्याशिवाय सोडू नको. सोलोने ते छातीशी धरले आणि मान डोलावली.

मी दारात उभा होतो. माझ्या हातातले पाणी टपटप गळत होते. बंदरावरचा रोग-निरीक्षक, होऊ घातलेला मुख्य, उसाची जिवंत कांडी घेऊन आपल्या देशात उतरणार होता, आणि त्याला ते माहीत नव्हते. सांगावे तर या बाईच्या देखत तिची गाठ सुटणार. न सांगावे तर तामातावला त्याचेच लोक ती सोडणार. आणि नाही सोडली तर? ते तर सगळ्यांत वाईट. त्याची बायको ती कांडी परसात लावील.

सोलोची पेटी बरोबरच होती, त्यामुळे रात्री तिथेच राहिलो; झोप लागली नाही, एवढेच लिहितो.

किनाऱ्याच्या रस्त्याने

रविवारी सकाळी निघालो. प्लेझान्सचा विमानतळ दक्षिणेला आहे. फ्लाकवरून खाली उतरले की रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो. डाव्या हाताला पाणी, उजवीकडे डोंगर. असा रस्ता मी पुन्हा पाहणार नाही हे मला कळत होते, तरी मी पुढच्या सीटवर मान वळवून मागे सोलोच्या मांडीवरचे गाठोडे पाहत होतो. तो अधूनमधून त्यावर हात ठेवी. "तुझ्या आईने भरपूर दिले आहे," तो शांतारामला म्हणाला. "पेटीत ठेवणार नाही. हातातच नेईन."

मायेबुर्गच्या अलीकडे गाडी तापली. सोलो डबा घेऊन पाणी आणायला गेला. मी शांतारामला गाठले.

"शांताराम, गाठोड्यात ऊस आहे. डोळ्यांसकट."

"ठाव हाय."

"ठाऊक आहे? मग बोलला का नाहीस?"

"माझी आये हाय, मानेभाऊ! म्या कसं बोलू? तुमी बोला. तुमी पावने."

"मी पाहुणा म्हणूनच बोलता येत नाही. अन्न खाल्लं मी तिचं काल."

"म्या रोज खातो!" तो कपाळावर हात मारून म्हणाला. "आनि धाकट्याचं कुनी सांगितलं नाय तुमाला? ती अजून दर आयतवारी त्या गाठोड्याचं काढते. आता ह्याचं बी मधी सुटलं आनि तिला कळलं, तं?"

"आणि त्याची नोकरी गेली तर?"

शांताराम फडक्याने रेडिएटरचे झाकण उघडू लागला. सोलो डबा घेऊन आला. उरलेल्या वाटेत सोलोला वाटले, आम्ही दोघे निरोपामुळे गप्प आहोत. तो आमचे मन रमावे म्हणून तामातावच्या गमती सांगू लागला, आणि त्या ऐकवेनात.

प्लेझान्स

विमानतळाबाहेर सुरूची झाडे आहेत आणि त्यांच्याखाली बुटकी दगडी भिंत. पेटी तोलून आत गेली. आता फक्त सोलो आणि त्याच्या हातातले गाठोडे उरले. तो मला मिठी मारायला पुढे आला आणि मी एक पाऊल मागे सरलो.

"सोलो, त्यात उसाची कांडी आहे."

त्याचा चेहरा उतरला. आधी त्याने गाठोडे लांब धरले, मग पुन्हा जवळ घेतले, जणू कोणते बरोबर हे ठरत नव्हते.

"तुला कधीपासून माहीत?"

"कालपासून."

"कालपासून! तू रसायनवाला. गाळपाचा आकडा दशांशापुढे दोन घरे लिहितोस. एका डोळ्याचे तीन वर्षांत किती एकर होतात, सांग."

मी सांगितले नाही. त्याऐवजी धाकट्या मुलाची गोष्ट सांगितली, आणि मधी सोडले तर माणूस मधीच राहतो, हेही.

"कशाच्या मध्ये?" सोलो म्हणाला. "इथल्या आणि तिथल्या मध्ये समुद्र आहे. मला पोहता येत नाही." तो हसला आणि गाठोडे त्याने भिंतीवर ठेवले. तो नळावर गेला, हात धुऊन आला, आणि वरची गाठ सोडली. त्याच्या कामातली रीत इथेही सुटली नाही.

कांडी बाहेर काढून त्याने फिरवून पाहिली. "तीन डोळे." मग हळकुंड उचलले. "हे फुटते का?"

"नाही," मी म्हणालो. "उकडून वाळवलेले आहे. सांगलीच्या माणसाला ते हाताला कळते." मी ते भिंतीवर आपटून दाखवले, खणकन वाजले. त्याने ते परत ठेवले.

राहिले लाल फडके, त्याची गाठ तशीच. सोलोने ते कानाशी हलवले.

"नारळ सोललेला," मी म्हणालो. "मी पाहिला."

"आणि तांदूळ? साळ नाही?"

"दुकानाचे," शांताराम म्हणाला. "कांडलेले. माझ्या आयेची शप्पत."

उघडून बघितल्याशिवाय सोलोने दहा महिन्यांत आमच्या डब्यातली भाकरीही पुढे जाऊ दिली नव्हती. तो बराच वेळ त्या गाठीवर अंगठा ठेवून उभा राहिला. मग त्याने लाल फडके न सोडता मोठ्या रुमालात ठेवले आणि वरून पुन्हा गाठ मारली.

"आतली गाठ तिची आहे," तो म्हणाला. "ती माझ्या उंबऱ्यात."

"आनि ऊस?" शांतारामने विचारले. "घरी परत नेऊ?"

"परत नेलास तर तिला परत केल्यासारखे होईल. खाऊ या."

त्याने कांडी गुडघ्यावर मोडली आणि तीन तुकडे केले. आम्ही तिघे भिंतीवर बसलो आणि दातांनी साल काढून ऊस खाऊ लागलो, येणारी-जाणारी माणसे बघत होती तरी. ऊस हंगामअखेरचा, साखर चांगली भरलेली. सोलोने खिशातला रुमाल पसरला आणि चोथा, साल, सगळे त्यातच टाकायला लावले. "जमिनीवर काही नको. नंतर जाळ." एवढ्यात आतून पुकारा झाला. मी बोलायला गेलो तर तोंड उसाने भरलेले. त्याचेही. आठवडाभर ज्या क्षणाची मी धास्ती घेतली होती तो असा गेला : तिघांचीही तोंडे भरलेली, हात चिकट, आणि तो दारातून मागे वळून गाठोडे वर उचलून दाखवत होता.

पुन्हा बों अक्योय

आये ओसरीतच बसली होती. मला खोटे बोलता येत नाही. शांतारामने डोळ्यांनी खुणावले तरी मी सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. माझ्या हातातला चोथ्याचा रुमाल घेतला आणि चुलीत रिकामा केला.

"लाल फडकं सोडलं नाय ना?"

"नाही, आये."

"मंग बघू," ती म्हणाली. तिने रिकामा रुमाल घडी घालून माझ्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी शांतारामने विमानतळावर फोन करून विचारले. विमान सुखरूप पोचले होते. त्याने आईला सांगितले. ती म्हणाली, "इमान पोचलं. मानूस पोचला का?"

विमान पोचले म्हणजे आतला माणूस पोचला, असा माझा हिशेब आजवर होता. पण सोलोला मी ओळखत होतो. कुणी गाठीविषयी विचारले तर तो खरे तेच सांगेल की ही मी न उघडता आणली आहे. आधीचा मुख्य याचसाठी घरी बसला होता. पंधरवडा गेला, कार्ड आले नाही. खोलीत मी एकट्यापुरता भात लावी, खरवडीत पाणी ओती आणि ते उकळून पिई.

माझ्या निरोपाला आये स्वतः रोझ हिलला आली. बसने, दोन गाड्या बदलून. हातात गाठोडे. मी घ्यायला पुढे झालो आणि थबकलो.

"घे," ती म्हणाली. "ऊस नाय त्यात. साखर हाय. लाल साखर. हिला डोळा नाय." आणि थोडे थांबून, "मधी कुनी सोडलं तरी चालंल. असं म्याच ठरवलं आता."

मी वाकून नमस्कार केला. तिने माझ्या डोक्यावर पाणी शिंपडले, सोलोला शिंपडले होते तसे.

घरी

मुंबईच्या कस्टममध्ये विचारले, यात काय. मी म्हणालो, साखर. "कामाला कुठे?" साखर कारखान्यात. तो साहेब इतका हसला की त्याने गाठोड्याला हात लावला नाही.

घरी आल्यावर मी ते उंबऱ्यात सोडले नाही. आये चालेल म्हणाली होती, तरी सोलोचे कळेपर्यंत माझा हात होईना. "अहो, साखर आहे ना? मुंग्या लागतील," बायको म्हणाली. म्हणून परातीत पाणी घालून मधे पाट ठेवला आणि पाटावर गाठोडे. मुले येता-जाता हसत. डिसेंबर गेला. संक्रांत झाली. कारखान्यात गाळप जोरात होते आणि मी प्रयोगशाळेत रसाच्या नळ्या बघताना तामातावच्या बंदराचा विचार करत होतो, जे मी कधी पाहिलेले नाही.

जानेवारीच्या अखेरीस कार्ड आले. सोलोच्या मोठ्या अक्षरात, इंग्रजीत चारच वाक्ये : पोचलो. कामावर आहे. आईला सांग, नारळ उंबऱ्यात फोडला. पाणी गोड होते.

मी गाठोडे घेऊन उंबऱ्यात बसलो आणि गाठ सोडली. दमटपणाने साखरेचा दगड झाला होता. बत्त्याने फोडावा लागला. बायकोने एक खडा चाखला. "मळीचा वास येतो हो हिला."

"येऊ दे," मी म्हणालो. त्या दिवशी सगळ्यांचा चहा तिचाच झाला.

संध्याकाळी बों अक्योयला कार्ड लिहायला बसलो. रेडिओवानी लिहिले तर आयेला कळायचे नाही, म्हणून थोडक्यात लिहिले : आये, दोघेही पोचलो.